‘सर्व्हर डाऊन’च्या आड दडलेली सेकंदांची सेटिंग्ज

प्रति,
मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

महोदय,

आपल्या वाचकांच्या पत्रांच्या सदरात दर आंबा हंगामात आणि दर पावसाळ्यात एक तक्रार हमखास असते. ऑनलाइन अर्ज भरला, खात्यातून पैसे कापले गेले, पावती मात्र आली नाही. पत्रलेखक शेवटी ‘नेट नाही’ किंवा ‘सर्व्हर डाऊन’ एवढेच कारण लिहितात, कारण त्यांना सेवा केंद्रात तेच सांगितलेले असते. मी गेली सोळा वर्षे सॉफ्टवेअरच्या चाचणीचे, म्हणजे टेस्टिंगचे काम करते. सुरुवातीची वर्षे पुण्यात गेली आणि २०२० पासून गुहागर तालुक्यातल्या सासरच्या घरी बसून तेच काम करते आहे. संकेतस्थळ लोकांसाठी खुले करण्यापूर्वी त्याची जी स्वयंचलित चाचणी घेतली जाते, तिच्यातल्या दोन सेटिंग्जकडे नीट लक्ष दिले असते, तर यांतल्या पुष्कळ तक्रारी उद्भवल्याच नसत्या, असे माझे अनुभवाअंती झालेले मत आहे. विषय थोडा तांत्रिक आहे, पण त्याची झळ आपल्या सगळ्यांना बसते, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

स्वयंचलित चाचणीत माणसाऐवजी एक स्क्रिप्ट ब्राउझर उघडते, नाव-पत्ता भरते, बटण दाबते आणि समोर काय आले ते पाहून ‘पास’ किंवा ‘फेल’ असा शेरा देते. सेलेनियम हे यातले जुने आणि सर्वांत परिचित साधन. ते जेसन हगिन्स यांनी २००४ साली शिकागोमध्ये थॉटवर्क्स या कंपनीत काम करताना सुरू केले. सायप्रेस, २०२० साली आलेले मायक्रोसॉफ्टचे प्लेराइट, मोठ्या कंपन्यांमध्ये वापरले जाणारे यूएफटी ही त्याच जातीची इतर साधने. साधन कोणतेही असले, तरी चाचणी लिहिणाऱ्याला दोन गोष्टी ठरवाव्या लागतात. बटण दाबल्यावर उत्तरासाठी किती वेळ आणि कशाची वाट पाहायची, ही पहिली. आणि काय दिसले म्हणजे काम झाले असे मानायचे, ही दुसरी. पहिलीला आम्ही टाइमआउटची सेटिंग म्हणतो आणि दुसरीला पडताळणी. या दोन्ही गोष्टी घाईत ठरवल्या गेल्या, तर त्याचा परिणाम कुठवर पोहोचतो, हे मी स्वतःच्या ओटीवर पाहिले आहे.

आमच्या वाडीतले एक काका आंबा बागायतदार आहेत. बागेसंबंधीचा एक अर्ज भरण्यासाठी ते मुदतीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी आमच्याकडे आले. आमच्या घरी केबलचे इंटरनेट आणि जुना लँडलाइन फोन आहे, पण वाडी डोंगराच्या कुशीत असल्यामुळे मोबाइलला रेंज मिळत नाही; त्यासाठी वर सड्यावर जावे लागते. अर्जात सगळे भरून झाल्यावर ओटीपी मागितला गेला. काकांचा पुतण्या त्यांचा मोबाइल घेऊन दुचाकीवरून सड्यावर गेला, आकडा तळहातावर लिहून खाली आला, तोपर्यंत त्या ओटीपीची मुदत संपली होती. दुसऱ्या खेपेला तो आधीच वर जाऊन उभा राहिला आणि तिथून त्याने लँडलाइनवर आकडा सांगितला. ओटीपी वेळेत पडला. शुल्क भरण्याचे बटण दाबले आणि पडद्यावर ते ओळखीचे चक्र फिरू लागले. व्यवसायाची सवय म्हणून मी घड्याळाकडे पाहत होते. बरोबर तीस सेकंदांनी चक्र थांबले आणि ‘आपले सत्र संपले आहे, कृपया पुन्हा लॉगिन करा’ असा संदेश आला. पुतण्याने सड्यावरून पुन्हा फोन केला, पैसे कापल्याचा एसएमएस आल्याचे सांगायला. पावती नव्हती आणि अर्जाची नोंदही नव्हती. ते पैसे अकरा दिवसांनी खात्यात परत आले, तोवर अर्जाची मुदत उलटून गेली होती.

बरोबर तीस सेकंद हा आकडा माझ्या मनातून जात नाही. सर्व्हर खरोखर बंद पडला असता, तर तो असा गोल आकड्यावर बंद पडला नसता. तीस हा कुणीतरी सेटिंगच्या फाइलमध्ये लिहिलेला किंवा मुळात असलेला तसाच राहू दिलेला आकडा असावा. उत्तर यायला एकतीस सेकंद लागले तर काय होईल, हे संकेतस्थळ खुले करण्यापूर्वी कुणी करून पाहिले असते, तर काकांचा अर्ज वाचला असता.

ते करून का पाहिले जात नाही, हे मला माहीत आहे, कारण मी स्वतः ते केलेले नाही. पुण्यातल्या एका कंपनीत असताना मी एका भरणा पोर्टलच्या चाचण्या लिहिल्या होत्या. बटण दाबल्यावर पान यायला वेळ लागतो म्हणून मी जागोजागी ‘पाच सेकंद थांब’ अशी आज्ञा घातली होती. ऑफिसचे नेट वेगवान, चाचणीचा सर्व्हर त्याच इमारतीत, आणि ओटीपीसाठी १२३४५६ हा कायमचा ठरलेला आकडा. त्यामुळे माझ्या चाचणीत एसएमएस उशिरा येणे ही गोष्ट घडूच शकत नव्हती. सगळ्या चाचण्या हिरव्या, म्हणजे पास होत्या. रिपोर्ट पाहून वरिष्ठांनी शाबासकी दिली आणि पोर्टल खुले झाले. आज काकांच्या प्रसंगानंतर त्या हिरव्या रिपोर्टची आठवण झाली की फार अपराधी वाटते.

ठरावीक सेकंद थांबण्यात नेमके काय चुकते, ते सांगते. पान अर्ध्या सेकंदात आले, तरी स्क्रिप्ट उरलेले साडेचार सेकंद नुसती बसून राहते. अशा चारशे जागा असल्या, तर या थांबण्यातच तेहतीस मिनिटे जातात. चाचण्या इतका वेळ खातात म्हणून मग त्या दिवसातून एकदाच, रात्री चालवल्या जातात. उलट पान यायला सहा सेकंद लागले, तर अर्ज नीट भरला गेला असूनही चाचणी फेल होते. मग टेस्टर पाचाचे दहा करतो, पुढे दहाचे तीस, आणि सेटिंगच्या फाइलमध्ये असे आकडे साठत जातात की ते का लिहिले हे पुढे कुणालाच सांगता येत नाही.

खाडीच्या मुखाशी होडी घालणारे आमच्याकडचे लोक असे करत नाहीत. भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, उधाणाचे पाणी वेगळे आणि भांगाचे वेगळे. ‘रोज सकाळी आठ वाजता’ असे ठरवून निघणारा दोन दिवसांत वाळूत रुतेल. जाणता तांडेल ठरावीक खडकाकडे पाहतो. पाणी त्या खडकावर चढले की होडी काढतो, आणि अमुक वेळेपर्यंत चढलेच नाही तर त्या दिवशी जात नाही. चाचणीतली योग्य सेटिंग अगदी अशीच असते. ‘पावती क्रमांक दिसेपर्यंत थांब, मात्र वीस सेकंदांच्या वर थांबू नकोस’ असे स्क्रिप्टला सांगायचे. सेलेनियममध्ये याला एक्स्प्लिसिट वेट म्हणतात. त्यात साधन दर अर्ध्या सेकंदाला डोकावून पाहते आणि हवे ते दिसताक्षणी पुढे जाते. पान लवकर आले तर वेळ वाया जात नाही आणि उशिरा आले तरी चाचणी खोटी पडत नाही. ही सोय इतकी वर्षे हाताशी असूनही ‘पाच सेकंद थांब’ आजही सर्रास लिहिले जाते, कारण ते लिहायला सोपे असते आणि कशाची वाट पाहायची याचा विचार करावा लागत नाही.

साधनांत मुळात जे आकडे ठेवलेले असतात, त्यांच्याकडेही फारसे कुणी पाहत नाही. सेलेनियमच्या मागे वेबड्रायव्हर नावाचे जे प्रमाण आहे, ज्याला वेबची प्रमाणे ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने २०१८ साली अंतिम मान्यता दिली, त्यात पानावरचा घटक (बटण, रकाना वगैरे) शोधताना आपोआप थांबण्याची मुदत, म्हणजे गर्भित प्रतीक्षा, शून्य आहे, पानाच्या आत चालवलेल्या स्क्रिप्टसाठी तीस सेकंद आहेत आणि पान उघडण्यासाठी तब्बल ३०० सेकंद, म्हणजे पाच मिनिटे आहेत. एकाच साधनात एके ठिकाणी क्षणाचीही सवलत नाही आणि दुसरीकडे पाच मिनिटांची मुभा आहे. सायप्रेस बहुतेक आज्ञांसाठी चार सेकंद थांबते. प्लेराइट संपूर्ण चाचणीला तीस सेकंद आणि प्रत्येक पडताळणीला पाच सेकंद देते. यूएफटीमध्ये घटकासाठी वीस सेकंद असतात. हे आकडे साधन बनवणाऱ्यांनी सुरुवात करता यावी म्हणून ठेवलेले आहेत. आपल्या संकेतस्थळाला आणि ते वापरणाऱ्या माणसांना कोणता आकडा लागू पडतो, हे ठरवणे टेस्टरचे काम आहे, आणि ते काम कागदावर नोंदवून, कारणासह झाले पाहिजे.

यात आणखी एक खाचखळगा आहे, ज्यात मी दोनदा पाय घातला आहे. सेलेनियममध्ये गर्भित प्रतीक्षा आणि अट घातलेली प्रतीक्षा (वर सांगितलेली एक्स्प्लिसिट वेट) अशा दोन्ही एकाच वेळी लावल्या, तर त्यांचे गणित अनपेक्षित होते. गर्भित १० सेकंद आणि अटीची १५ सेकंद ठेवली, तर चाचणी पंधराव्या सेकंदाला थांबावी असे आपल्याला वाटते, पण ती विसाव्या सेकंदाला थांबू शकते. पहिला शोध दहा सेकंद चालतो, पंधरा अजून झालेले नसतात म्हणून दुसरा शोध सुरू होतो आणि तोही आपले दहा सेकंद पूर्ण घेतो. सेलेनियमच्या अधिकृत माहितीपुस्तिकेतच या दोन्ही एकत्र वापरू नयेत अशी स्पष्ट सूचना दिलेली आहे. ती वाचून गर्भित प्रतीक्षा शून्यावरच ठेवावी आणि जिथे गरज आहे तिथे अट लिहावी, हा नियम मी आता कटाक्षाने पाळते.

आता वेळेच्या बाबतीतला सर्वांत नाजूक मुद्दा. चाचणी किती वेळ थांबते आणि माणूस किती वेळ थांबू शकतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चाचण्या वारंवार फेल होतात म्हणून मर्यादा साठ सेकंदांवर नेली, तर पन्नास सेकंदांनी उघडणारे पानही पास ठरते. रिपोर्ट हिरवा दिसतो आणि इकडे सेवा केंद्रातला माणूस चक्र पाहून बटण पुन्हा दाबतो. म्हणून वाट पाहण्याची मर्यादा सढळ ठेवावी, पण प्रत्यक्षात किती वेळ लागला याची नोंद वेगळी घ्यावी आणि त्या नोंदीवर स्वतंत्र पडताळणी लावावी. पावती वीस सेकंदांत आली का, याचे उत्तर ‘हो’ आणि त्यासाठी अठरा सेकंद लागले, ही दोन्ही वाक्ये रिपोर्टमध्ये असायला हवीत.

कोकण रेल्वे दर पावसाळ्यात आपले वेगळे वेळापत्रक लावते, गाड्यांचा वेग कमी धरते, आणि त्यामुळे गाडी उशिरा आली की वेळेवर आली याला काही अर्थ राहतो. चाचणीतही सेटिंग्जचे असे दोन संच ठेवता येतात, एक ऑफिसच्या नेटसाठी आणि एक मंद नेटसाठी. हे अवघड नाही. क्रोमसारख्या ब्राउझरमध्ये नेटचा वेग मुद्दाम कमी करण्याची सोय असते. सर्व्हरचे उत्तर चाळीस सेकंद अडवून धरणे प्लेराइट आणि सायप्रेस या दोन्हींत काही ओळींत जमते. पंधरा मिनिटांनी सत्र संपते का, हे पाहण्यासाठी खरोखर पंधरा मिनिटे बसण्याचीही गरज नाही. ब्राउझरचे घड्याळ कृत्रिमरीत्या पुढे सरकवता येते. सर्व्हरने आपल्या बाजूने ठेवलेली मुदत मात्र त्याने पुढे जात नाही, ती चाचणीच्या सर्व्हरवर वेगळी कमी करून पाहावी लागते. काकांच्या बाबतीत घडले ते सगळे, म्हणजे ओटीपीला झालेला उशीर, भरण्याचे रेंगाळलेले उत्तर आणि मध्येच संपलेले सत्र, ऑफिसमध्ये बसून एका दुपारी करून पाहता आले असते.

पडताळणीच्या सेटिंगबद्दल मला अधिक कळकळीने लिहायचे आहे, कारण वेळेची चूक निदान कधीतरी लाल रंगात दिसते, पण पडताळणीची चूक हिरव्या रंगाखाली वर्षानुवर्षे राहते.

माझ्याच हातून घडलेले उदाहरण देते. ज्या पोर्टलचा वर उल्लेख केला, त्यात भरणा झाल्यावर ‘आपला भरणा यशस्वी झाला आहे’ असा संदेश यायचा. मी चाचणीत पडताळणी लावली होती की पानावर ‘यशस्वी’ हा शब्द असला पाहिजे. चाचणी महिनोन्‌महिने पास होत होती. एकदा सर्व्हरचे काम चालू असताना चाचण्या चालल्या, एकही भरणा होणे शक्य नव्हते, तरीही रिपोर्ट पूर्ण हिरवा आला. मी पडद्याचे छायाचित्र उघडून पाहिले. त्यावर लिहिले होते, ‘आपला भरणा अयशस्वी झाला आहे’. ‘अयशस्वी’ या शब्दात ‘यशस्वी’ हा शब्द जसाच्या तसा आहे, आणि ‘असला पाहिजे’ एवढीच अट असलेल्या स्क्रिप्टला पहिल्या ‘अ’शी काही देणेघेणे नव्हते. मराठी वाचणाऱ्या माणसाच्या नजरेतून हा फरक कधी सुटणार नाही. पण पडताळणी लिहिताना मी शब्द वाचला होता, संपूर्ण वाक्य जुळवले नव्हते आणि पावती क्रमांक तर मागितलाच नव्हता.

आपल्या लिपीत असे आणखी बारकावे आहेत. ‘शेतकऱ्याचे नाव’ हे शब्द दोन प्रकारे टंकित होतात. काही कीबोर्डवर त्यासाठी स्वतंत्र ‘ऱ’ वापरला जातो, तर काहींवर साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही जवळजवळ सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती वेगवेगळी अक्षरे असतात. अर्जात एका प्रकारे लिहिले आणि पडताळणीत दुसऱ्या प्रकारे, तर चाचणी विनाकारण फेल होते. आणि त्याहून वाईट म्हणजे, शोध घेताना नोंद असूनही ‘नोंद आढळली नाही’ असे उत्तर येते. अंकांचेही तसेच. ‘१२०’ आणि इंग्रजी अंकांतले एकशे वीस एकच आहेत हे आपल्याला कळते, स्क्रिप्टला सांगावे लागते. तुलना करण्यापूर्वी दोन्ही मजकूर एका ठरलेल्या रूपात आणणे, ही पडताळणीची पहिली पायरी असली पाहिजे. पण चाचण्या बहुधा इंग्रजी पानावर लिहिल्या जातात आणि मराठी पान ‘भाषांतरच तर आहे’ म्हणून सोडून दिले जाते. आमच्याकडचे लोक अर्ज भरतात ते मराठी पानावर.

वेळ आणि पडताळणी जिथे एकमेकांत गुंततात, तिथली एक चूक मला नव्या टेस्टरांच्या स्क्रिप्टमध्ये नेहमी सापडते. ‘चुकीचा संदेश, म्हणजे चूक झाल्याचे सांगणारा संदेश, दिसत नाही ना’ असे तपासायचे असते. बटण दाबताच स्क्रिप्ट पाहते, पान अजून कोरेच असते, कोऱ्या पानावर चुकीचा संदेश नसतोच, आणि पडताळणी त्याच क्षणी पास होते. दोन सेकंदांनी तो लाल संदेश येतो, तेव्हा पाहायला कुणी नसते. ‘नाही’ची पडताळणी नेहमी ‘आहे’च्या पडताळणीनंतर लावावी: आधी पावती क्रमांक आला हे पक्के करावे आणि मगच चुकीचा संदेश नाही हे पाहावे. तसेच पानावरचा मजकूर एकदाच उचलून तुलना करणे आणि मजकूर जुळेपर्यंत मर्यादेत पुन्हा पुन्हा पाहणे, या दोन वेगळ्या आज्ञा असतात. प्लेराइटमध्ये दुसरी सोय पडताळणीतच अंगभूत आहे, पण पहिली पद्धत वापरली की तिचा काही उपयोग होत नाही.

बटणाच्या बाबतीतही प्लेराइट दाबण्यापूर्वी ते दिसते का, हलत तर नाही ना, चालू स्थितीत आहे का आणि त्याच्यावर दुसरे काही आडवे आलेले नाही ना, हे स्वतःच तपासते. पुष्कळ टेस्टर घाई झाली की हे तपासणे ‘जबरदस्तीने दाब’ या पर्यायाने बंद करतात. ज्या बटणावर ते चक्र फिरते आहे आणि जे माणसाला दाबताच येणार नाही, तेही मग स्क्रिप्ट दाबते आणि पुढे जाते. हा पर्याय संघाच्या नियमातच वर्ज्य असावा, असे माझे ठाम मत आहे.

एक पडताळणी चुकली की चाचणी तिथेच थांबवायची की नोंद करून पुढे जायचे, हाही सेटिंगचाच प्रश्न आहे. ब्राउझरमध्येच चाचणी नोंदवण्याच्या सेलेनियम आयडीई या साधनात यासाठी असर्ट आणि व्हेरिफाय अशा दोन आज्ञा आहेत. पहिलीने चाचणी थांबते, दुसरीने चालू राहते. नावातले शुद्धलेखन चुकले तर पुढे जायला हरकत नाही. रक्कम चुकली, पावती क्रमांक नाही, एकाच अर्जाच्या दोन नोंदी झाल्या, यांपैकी काहीही झाले तर थांबलेच पाहिजे.

शेवटी, फेल झालेली चाचणी आपोआप पुन्हा चालवण्याची सेटिंग. कधी पास, कधी फेल होणाऱ्या चाचण्या सगळीकडे असतात. गुगलने २०१६ साली आपल्याकडच्या सुमारे १६ टक्के चाचण्या कमीअधिक प्रमाणात अशा लहरी असल्याचे जाहीरपणे सांगितले होते. पुन्हा चालवण्याला माझा विरोध नाही, पण दुसऱ्या खेपेला पास झालेली चाचणी सरळ हिरव्या रकान्यात टाकणे मला मान्य नाही. प्लेराइट अशा चाचण्या वेगळ्या दाखवते, आणि तो रकाना रोज सकाळी कुणीतरी जबाबदारीने वाचला पाहिजे. स्क्रिप्टला दुसरी खेप मिळते, मुदतीच्या आदल्या संध्याकाळी आलेल्या माणसाला बहुधा मिळत नाही.

वेळमर्यादेबाबत नियम नाहीत असेही नाही. वेबसाठीच्या आंतरराष्ट्रीय सुगम्यता निकषांत, ज्यांना डब्ल्यूसीएजी म्हणतात, सर्वांत प्राथमिक पातळीवरच एक निकष आहे. संकेतस्थळाने घातलेली वेळमर्यादा वापरणाऱ्याला बंद करता यावी किंवा मूळ मर्यादेच्या किमान दहापट वाढवता यावी, नाहीतर ती संपण्यापूर्वी त्याला सूचना मिळावी आणि एखाद्या साध्या कृतीने मुदत वाढवायला किमान वीस सेकंद मिळावेत. मर्यादा हटवल्यास व्यवहाराचा हेतूच बिघडत असेल, अशा मोजक्या प्रसंगांना अपवाद आहे. भारत सरकारच्या संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे २००९ साली प्रथम आली आणि त्यांची २०२३ सालची तिसरी आवृत्ती याच निकषांवर उभी आहे. म्हणजे ‘आपले सत्र संपले आहे’ हा संदेश कोणतीही पूर्वसूचना न देता दाखवणे, हे गैरसोयीचे तर आहेच, शिवाय आपल्याच तत्त्वांशी विसंगत आहे. हा निकष पाळला जातो की नाही, याची स्वयंचलित चाचणी लिहिणे एका दिवसाचे काम आहे.

म्हणून लोकांसाठी संकेतस्थळे बनवून घेणाऱ्या कार्यालयांना, सहकारी बँकांना आणि पतसंस्थांना माझी विनंती आहे की, काम ताब्यात घेताना ‘सगळ्या चाचण्या पास’ एवढ्या एका ओळीवर सही करू नये. चाचण्यांतल्या वेळा कोणत्या नेटवर ठरवल्या, असे विचारावे. भरण्याचे उत्तर चाळीस सेकंद अडवून समोर चाचणी चालवायला सांगावी आणि पैसे, पावती व नोंद या तिन्हींचे काय होते ते स्वतः पाहावे. मराठी पानावरच्या पडताळण्या उघडून दाखवायला सांगाव्यात. त्यासाठी तंत्रज्ञ असण्याची गरज नाही, त्या स्क्रिप्ट वाचता येण्याइतक्या सोप्या असतात.

लोणेऱ्याच्या विद्यापीठातून आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या महाविद्यालयांतून बाहेर पडणारी बरीच मुले आज टेस्टिंगमध्ये जात आहेत. साधनांची नावे आणि आज्ञा त्यांना पाठ असतात. मंद नेट, उशिरा येणारा ओटीपी आणि सड्यावर जाऊन धरलेली रेंज हा अनुभव त्यांच्याकडे घरचाच आहे, आणि तो शहरातल्या त्यांच्या सहकाऱ्यांकडे नाही. चाचणीची मर्यादा ठरवताना त्यांनी तो अनुभव संकोच न करता बैठकीत मांडावा. या सेटिंग्जविषयी मी मराठीत एक छोटे टिपण तयार केले आहे. कुणा शिक्षकांना वर्गासाठी ते हवे असल्यास आपल्या कार्यालयामार्फत कळवावे, मी आनंदाने पाठवीन.

कळावे,

आपल्या दैनिकाची एक वाचक
ता. गुहागर, जि. रत्नागिरी
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)